विस्मृती आणि स्मरण

बेन सिराचा ग्रंथ आम्ही उघडला तो पांडित्यासाठी नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांची स्मृती मावळत चालली होती. अशा वेळी चौथ्या आज्ञेप्रमाणे आईबापांचा मान राखणे म्हणजे नेमके काय, हा आमच्यापुढे रोजचा प्रश्न होता.

येरुशलेमच्या या ज्ञानी पुरुषाने इ. स. पूर्व १८०च्या सुमारास आपला उपदेश हिब्रू भाषेत लिहिला. पुढे इजिप्तमध्ये त्याच्या नातवाने तो ग्रीक भाषेत आणला. आजोबांचे बोल नातवाने असे जपले. या ग्रंथाचा तिसरा अध्याय आपण पवित्र कुटुंबाच्या सणाच्या मिस्सेत ऐकतो. वृद्ध पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, आपल्या अंगी बळ आहे म्हणून त्याला तुच्छ लेखू नये, असे तो बजावतो. एवढ्यावरच तो थांबत नाही. पित्यावर केलेली दया विसरली जाणार नाही, असेही आश्वासन देतो.

या आश्वासनापाशी आम्ही थबकलो. ज्याची सेवा करावी, त्यालाच ती सायंकाळपर्यंत आठवत नाही. मग ती कोणाच्या स्मरणात राहते? बेन सिराचे उत्तर स्पष्ट आहे: परमेश्वराच्या. क्रुसावरील वेदनांतही प्रभू येशूला आपल्या मातेचा विसर पडला नाही. तिला त्याने प्रिय शिष्याच्या हाती सोपविले.

दहाव्यांदा विचारलेल्या प्रश्नाला पहिल्याइतक्याच मायेने उत्तर देणे, हीदेखील प्रार्थनाच होय, असे आम्हाला आता वाटते.