हाताने फिरली पाहिजे

आमच्या घरी दोन क्रँक होत्या. त्यांना क्रँक म्हणतात हे मात्र मला फार उशिरा कळलं. एक आईच्या शिलाई मशीनला होती. पायडल खाली-वर व्हायचं, त्याला जोडलेला दांडा चाकाला ढकलायचा आणि चाक गरगर फिरायचं. दुसरी निघोज्यात, इंद्रायणीच्या काठावर, दादांच्या पाण्याच्या इंजिनात होती. दोन मोठ्या चाकांचं ते संथ इंजिन सुरू करायला हँडल मारावं लागे.

मी अकरा वर्षांचा असताना दादांनी पहिल्यांदा ते हँडल माझ्या हातात दिलं. हेडवरची खिट्टी उचलली की आतला दाब सुटतो आणि चाकं हलकी होतात. वेग आला की खिट्टी पाडायची. दादा म्हणाले, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मूठ आवळू नको. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल निसटलं पाहिजे, नाहीतर मनगट जातं." तिसऱ्या खेपेला इंजिनाने ठेका धरला. थोड्या वेळाने पाटात पाणी आलं आणि मी त्या पाण्याबरोबर कांद्याच्या वाफ्यांपर्यंत पळत गेलो. आपल्या हाताने फिरवलेलं काहीतरी रानात पोचलं, याचा तो आनंद अजून आठवतो.

पुढे औंधच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला गेलो, तेव्हा कापून ठेवलेल्या इंजिनात क्रँक उघडी पाहिली. एका ओळीत सहा सिलिंडर, सात मेन जर्नल, सहा पिना. पिस्टन सरळ खाली येतो आणि त्या सरळ रेट्याचा क्रँक फेरा करते. आईच्या मशीनचं पायडल तेच करत होतं. फरक एवढाच, की ट्रकच्या इंजिनात जळत्या डिझेलचा एकेका पिस्टनवरचा रेटा पाच टनांच्या वर जातो. मिनिटाला 2000 फेरे धरले तर तासाला 1 लाख 20 हजार फेरे होतात. एवढ्या माराखाली लोखंड टिकतं कसं? तर चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकतच नाही. केसाच्या जाडीएवढ्या फटीत पंपाने ढकललेलं ऑईल तिला उचलून धरतं. ती ऑईलवर तरंगते. इंद्रायणीत गाथा तरल्याची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून वर्गातच अंगावर काटा आला होता.

पुण्याच्या आसपासचा आमचा हा सगळा पट्टाच क्रँकवर उभा राहिलेला आहे. खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. नीळकंठराव कल्याणींनी 1961 साली भारत फोर्जची स्थापना केली आणि मुंढव्याला लालबुंद पोलाद साच्यात दाबून क्रँक घडू लागल्या. पिंपरीला टेल्कोचे ट्रक आले. त्यांच्या मागोमाग गल्लोगल्ली लेथ आणि ग्राइंडिंगची दुकानं उभी राहिली. मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो आणि पाच-सहा वर्षांत इंजिन एकट्याने बांधू लागलो.

त्या दिवसांतली एक चूक मी कधी विसरलो नाही. चाकणच्या बाजारातून वाशीला कांदा नेणारा एक ट्रक आला. मालकच गाडी चालवायचे. म्हणाले, "गार असली की ऑईलचं प्रेशर चांगलं दाखवते, गरम झाली की काटा पडतो. आणि खालून ठोका येतो." मिस्त्री गावाला गेले होते. मी इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. चौथ्याचं डिझेल तोडलं आणि ठोका थांबला. खालचं ऑईलचं चेंबर उतरवून चौथ्या कनेक्टिंग रॉडची कॅप काढली. बेअरिंगचा पांढरा थर जाऊन तांबं उघडं पडलं होतं आणि पिनेवर नख फिरवलं की अडकत होतं. मायक्रोमीटर आडवा-उभा लावला, तर पीन गोल राहिलीच नव्हती. ही क्रँक आधी तीनदा ग्राइंड झालेली. टेन, ट्वेंटी, थर्टी, जाड बेअरिंगचे सगळे साइज लागून झालेले. या खेपेला इतकं कापावं लागलं असतं, की शेवटच्या साइजचं बेअरिंगही बसलं नसतं. मालकांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून नवीन क्रँक आणली. हंगाम चालू होता, त्यांना घाई होती. मी चार दिवसांत इंजिन बांधून दिलं.

बाविसाव्या दिवशी तोच ट्रक दोरीने ओढत आणला. मालक रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "क्रँक तर नवी होती ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मिस्त्रींनी इंजिन पुन्हा उघडायला लावलं. ऑईल कूलर सोडून त्यांनी तो पांढऱ्या कापडावर उलटा केला. कापडावर तांबूस चमकता कीस पडला. जुन्या बेअरिंगचा कीस कूलरमध्ये दडून बसला होता आणि पहिल्या दिवसापासून नव्या क्रँकच्या अंगात जात होता. मग त्यांनी एअर क्लिनरपासून येणारा रबरी पाइप वाकवून दाखवला. घडीत बोटभर चीर होती. रस्त्याची धूळ तिथून इंजिनात शिरत होती आणि ऑईलचं पॉलिश पेपरसारखं काम करत होती. मिस्त्री म्हणाले, "तू मढं पाहिलंस, दुखणं नाही पाहिलंस."

दुसऱ्या वेळचं काम आम्ही आमच्या पदरच्या खर्चाने केलं. ते मला मिनिटामिनिटाने आठवतं. नवी क्रँक दोघांनी उचलून भिंतीशी उभी बांधून ठेवली, कारण आडवी पडून राहिली तर ती वाकू शकते. ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटांचे सगळे प्लग काढले, लांब ब्रश घातला, डिझेल आणि हवा मारत राहिलो, कापड स्वच्छ निघेपर्यंत. कूलर बदलला, पाइप बदलला. ब्लॉक उलटा करून प्रत्येक बेअरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आहे का, ते डोळ्याने पाहिलं. मग ऑईल लावून क्रँक अलगद बसवली. मेन कॅपवर नंबर ठोकलेले असतात. ज्याची कॅप त्याच जागी गेली पाहिजे. मधल्या कॅपपासून बाहेर येत टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळायचं, आणि एक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहायची. पाचवी आवळल्यावर फेरा किंचित जड लागला. मिस्त्रींनी कॅप सोडायला लावली. बेअरिंगच्या पाठीमागे कापडाचा एक धागा अडकला होता. एक धागा! तो काढला आणि क्रँक पुन्हा लोण्यासारखी फिरली.

"हाताने फिरली पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "हाताला जड लागली, तर स्टार्टरला आपण जबरदस्ती करतोय." शेवटी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारला. गेजचा काटा उचलेपर्यंत थांबलो आणि मगच इंजिन चालू केलं. तो ट्रक पुढे कित्येक वर्षं वाशीला जात राहिला.

आज निघोज्यात दादांच्या त्या रानाच्या आसपास कारखान्यांच्या भिंती आहेत. महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून आता विजेवरच्या गाड्याही बाहेर पडतात. त्यांच्या मोटारीत क्रँक नाही. मोटार जन्मतःच गोल फिरते, तिला सरळ रेट्याचा फेरा करावा लागत नाही. ते मला मनापासून आवडतं. पण त्याच फाटकासमोरून माल भरलेले शेकडो डिझेल ट्रक रोज जातात आणि त्यांच्या पोटात क्रँक फिरत असते. त्यातल्या कित्येकांवर एकेक घर चालतं.

म्हणून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो. ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदला. हवेच्या पाइपला चीर आहे का, ते महिन्यातून एकदा वाकवून बघा. आणि चालत्या गाडीत ऑईलचा दिवा लागला किंवा काटा पडला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणू नका. बाजूला घ्या आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करा. पुढच्या दोन मिनिटांत क्रँक जाऊ शकते.