शुद्धीवर असतांनाच

मृत्युपत्राचा विषय निघाला तर घरांतील वडील मंडळी आतां बिचकत नाहींत. परंतु 'अखेरच्या आजारांत कोणते उपचार नकोत' असें विचारतांच सर्वांस तें अभद्र वाटतें. मग वडील बेशुद्धावस्थेंत श्वासयंत्रावर पडले म्हणजे थोरला एक म्हणतो, धाकटा दुसरें. आणि निर्णय कांहींहि झाला तरी टोचणी जन्मभर राहते, हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे.

सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलें व २०२३ सालीं त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तें साक्षांकित करून घ्यावें व एक प्रत नगरपालिकेच्या वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मुंबई महापालिकेनें २०२४ सालीं यासाठीं विभागवार आरोग्याधिकारी नेमले. डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीवांचून तें पत्र अमलांत येत नाहीं, आणि मन पालटल्यास तें लेखी रद्दहि करतां येतें.

पण कचेरींतला अधिकारी घरांतलें मौन कसें मोडणार? तें काम, आमच्या मतें, घरच्या वडिलांचेंच. प्रकृति धड आहे तोंवर मुलासुनांस जवळ बसवून त्यांनीं हें बोलून टाकावें.