इगतपुरीची शिरगणती

'तुमचे गाव कोणते?' असे कोणी विचारले, की आम्ही भावंडे आजही क्षणभर अडखळतो. वडिलोपार्जित घर, विहीर आणि केळीची वाडी वसईला. परंतु आमचे बालपण गेले ते इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत. १९६६ साली वडिलांची तेथे बदली झाली आणि १९८८ साली ते निवृत्त होईपर्यंत आमचा संसार तेथेच होता. बावीस वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. तरीही ज्या घराची किल्ली निवृत्तीनंतर परत करावयाची असते, त्या घराच्या गावाला आपले गाव म्हणावे की नाही, याचा निर्णय आम्हांला कधी करता आला नाही.

इगतपुरी मुंबईहून रेल्वेने १३७ किलोमीटरांवर, थळ घाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर वसले आहे. भोवती भाताची खाचरे, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, आणि जून ते सप्टेंबर अखंड कोसळणारा पाऊस. मुंबई-आग्रा रस्ता येथूनच जाई; पण या खेड्याचे शहर केले ते रेल्वेने.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत आले, आणि त्याच वर्षी घाटमाथ्यावर इगतपुरी ते नाशिक हा मार्गही सुरू झाला. मध्ये उरला तो घाट. अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास. परंतु तेवढ्यात गाडीला सुमारे तीनशे मीटर चढावयाचे होते. सदतीस फुटांमागे एक फूट, असा तो चढ. त्यासाठी डोंगर पोखरून बोगदे काढावे लागले, दऱ्यांवर पूल बांधावे लागले. एहेगावचा पूल तर दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट उंच. घाटात एके ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, ती उलट दिशेने वर न्यावी लागे. अखेर १ जानेवारी १८६५ रोजी घाटातील मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांना तो दिवस पाहावयास मिळाला नाही. १८६२ सालीच त्यांचे निधन झाले होते. त्यांचे नाव इतिहासात राहिले. पण सुरुंगाच्या स्फोटात, कड्यावरून पडून, पटकीच्या साथीत जे मजूर गेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली?

घाट बांधून झाला आणि गाव वाढू लागले. येथे इंजिनाला पाणी आणि कोळसा हवा, चालकाला विश्रांती हवी, उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासावयास माणसे हवीत. १९०१ साली साडेसात हजारांच्या आसपास असलेली वस्ती २००१ साली एकतीस हजारांच्या पुढे गेली. १९३० पर्यंत मुंबईहून विजेची वाहिनी इगतपुरीला पोहोचली. पुढे १९६०च्या दशकात मनमाडच्या बाजूने वेगळ्या प्रकारची वीज आली आणि दोहोंची सीमा आमच्या गावातच ठरली. त्यामुळे विजेवर धावणाऱ्या गाडीचे इंजिन येथे बदलावेच लागे. तेवढ्या वेळात फलाटावर अर्धे गाव पोट भरीत असे. ठाकर बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन येत. चहावाल्यांची पोरे खिडक्या धरून धावत.

वडील 'बँकर'वर चालक होते. कसाऱ्याहून चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारे ते इंजिन. गाडी माथ्यावर आली, की बँकर सुटे आणि पुन्हा कसाऱ्याला उतरे. 'आपण कोणाला मुक्कामाला पोहोचवीत नाही. चढ तेवढा पार करून देतो,' असे वडील म्हणत. रेल्वेची भाषाही मोठी गमतीची. मुंबईकडून घाट चढून येणारी गाडी 'डाउन' आणि घाट उतरून जाणारी 'अप'. शाळेत इंग्रजी शिकताना या दोन शब्दांनी आम्हांला फार छळले.

आमच्या ओळीत एकीकडे गोव्याचे गार्ड, दुसरीकडे अँग्लो-इंडियन चालक, समोर कोकणातले पॉइंट्समन, पलीकडे उत्तरेकडचे फिटर. नाताळचे ताट प्रत्येक घरी जाई आणि दिवाळीचे ताट प्रत्येक घरून येई. मात्र बदलीचा कागद आला, की बोळवण करावयास सारी ओळ स्टेशनावर जमे. निरोपाची आम्हांला सवय झाली होती. सवय झाली नाही ती एकाच निरोपाची.

१९७४च्या पावसाळ्यात आमचा सर्वांत धाकटा भाऊ तापाने गेला. अकरा महिन्यांचा होता तो. त्या दिवशी पाऊस इतका होता, की खड्ड्यात साचलेले पाणी उपसून मग त्याला ठेवावे लागले. वडील त्याच रात्री कामावर गेले. गाडी कोणासाठी थांबत नाही. आई पुष्कळ दिवस बोलली नाही.

१९८१च्या फेब्रुवारीत शिरगणतीसाठी शाळेतले एक गुरुजी घरी आले. ओटीवर बसून ते एकेक रकाना भरत होते. 'मुले किती?' त्यांनी विचारले. 'तीन,' वडील म्हणाले. आतून आई बाहेर आली. 'झाली चार, आहेत तीन. चौथाही याच गावात आहे,' ती म्हणाली. गुरुजींनी मान खाली घालून काहीतरी लिहिले. वडील कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. त्या दिवसापूर्वी त्या दोघांत बाळाचा विषय आमच्यासमोर कधी निघाला नव्हता.

निवृत्तीच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. वडिलांना वसईची ओढ होती. आई म्हणे, 'त्याला एकट्याला टाकून मी कशी येऊ?' महिनाभर घरात हाच ताण होता. शेवटी वडिलांनी शब्द दिला, की दर वर्षी मृतांच्या स्मरणदिनी आपण येथे येऊ. तो शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला. आता दोघेही वसईच्या मातीत विसावली आहेत आणि तो शब्द आमच्याकडे आला आहे.

आता फलाटावर ती गजबज नाही. २००६ साली घाटातील वीज बदलली आणि इगतपुरीला इंजिन बदलण्याची गरज संपली. १९७६ पासून धम्मगिरीला विपश्यनेसाठी देशोदेशींचे साधक येतात. तेही दहा दिवसांनी परततात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता मोटारी बोगद्यातून काही मिनिटांत घाट ओलांडतात. आमची मुले म्हणतात, त्या रस्त्याने जाऊ. आम्ही मात्र अजून गाडीनेच जातो. कसाऱ्याला मागून बँकर लागल्याचा हलका धक्का बसला, की कोणीच काही बोलत नाही.

गेल्या नोव्हेंबरात गेलो, तेव्हा पावसाने क्रुसावरचे नाव जवळजवळ पुसले होते. आम्ही ब्रश आणि काळा रंग नेला होता. नाव पुन्हा लिहिले, गवत काढले, प्रार्थना केली. आजूबाजूला कितीतरी कबरी निनावी. ज्यांना कबरही मिळाली नाही, असे घाटातले मजूर तर कोणत्याच गणतीत नाहीत. त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती लावली.

परतीच्या 'अप' गाडीत समोरच्या बाईंनी सहज विचारले, 'तुमचे गाव कोणते?' आम्ही एकमेकांकडे पाहिले. थोरल्या बहिणीने उत्तर दिले, 'इगतपुरी. आमचा भाऊ असतो तेथे.'