कुंडीच्या तळाला भोक नको

ऑर्किड विकत घेणारा माणूस आधी फुलं बघतो, मग पानं. कुंडीकडे त्याची नजर सगळ्यात शेवटी जाते. हैदराबादच्या काचीगुड्यात ऑर्किड टिकवायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, दुपारचा वारा कोरडाठक्क असतो आणि बोअरचं पाणी दख्खनच्या ग्रॅनाइटमधून क्षार घेऊन वर येतं. जूनमध्ये पाऊस लागला की हवा एकदम दमट होते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिसचं मूळ घराणं फिलिपीन्स-इंडोनेशियाकडच्या ओलसर जंगलांतलं. ते जंगल आणि १९१६ साली निजामाच्या काळात उभ्या राहिलेल्या काचीगुडा स्टेशनच्या आसपासची आमची ग्रिलची गॅलरी, यांच्यातला फरक भांड्यालाच भरून काढावा लागतो.

ऑर्किडच्या मुळावर मेलेल्या पेशींचा पांढरा, स्पंजासारखा थर असतो. पाणी मिळालं की क्षणात ते शोषून घेतो आणि मुळं हिरवी दिसू लागतात. मग त्यांना हवा लागते. सतत बुडालेलं मूळ कुजतं, सतत कोरडं राहिलेलं सुकतं. या दोन्ही गरजा एकाच भांड्यात भागवण्याची युक्ती म्हणजे सेमी-हायड्रो. अमेरिकेत रे बार्कालो यांनी ती ऑर्किडवाल्यांमध्ये रुजवली. यात माती नाही, झाडाची साल नाही. असतात ते भट्टीत भाजून फुगवलेले मातीचे हलके गोळे. भांड्याच्या तळाला भोक नसतं. तळापासून साधारण अडीच सेंटिमीटर वर, बाजूला, दोन-तीन भोकं पाडायची. त्यांच्याखाली खताचं पातळ पाणी साठून राहतं, जास्तीचं वाहून जातं. समईच्या वातीत तेल चढावं तसं ते पाणी गोळ्यांमधून वर चढतं आणि गोळ्यांमधल्या फटींत हवा खेळती राहते. म्हणजे पाणी घालण्याचं रोजचं काम भांडंच करतं, म्हणून त्याची निवड महत्त्वाची.

माझी भांडी बेगम बाजारातून येतात. प्लास्टिकच्या दुकानात डबा उचलला की आधी उलटा करायचा आणि तळावरच्या त्रिकोणातला आकडा वाचायचा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. हा डबा दाबला तर लवतो, सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं भोक स्वच्छ पडतं, कड तडकत नाही. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन; ते चकचकीत दिसतं, पण ठिसूळ असतं आणि भोकापासूनच चिरा जातात. १ आकड्याचं, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक उष्णतेनं आकसून वेडंवाकडं होतं. दुकानदार आता मला पाहिलं की डबे उलटे करूनच समोर मांडतो. घरातले श्रीखंडाचे डबे किंवा बिर्याणीच्या पार्सलचे गोल डबेही ५ आकड्याचे असतील तर उत्तम चालतात. यात कमीपणा काही नाही. मातीविना शेतीचे प्रयोग आपल्या देशात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला सुरू केले, तेव्हा त्यांचाही आग्रह साध्या, स्वस्त, जागच्या जागी मिळणाऱ्या साहित्याचाच होता.

आकाराचं गणित हवेवर ठरतं. दमट गावात उंच डबा चालेल. इथे उन्हाळ्यात वर चढणारं पाणी वाटेतच उडून जातं आणि उंच डब्यातला वरचा थर कोरडा राहतो. नवी मुळं तर नेमकी वरच, पानांच्या बुडाशी फुटतात. म्हणून मी दहा-बारा सेंटिमीटर उंचीचा, सरळ भिंतींचा डबा पसंत करतो. वर पसरत जाणाऱ्या डब्यातून बाष्पीभवन जास्त होतं आणि फुलांच्या दांड्याचा भार आला की तो कलंडतोही. भोकं मी दोन उंचींवर पाडतो, अडीच आणि चार सेंटिमीटरवर. उन्हाळ्यात खालच्या भोकांना रबरी बूच लावलं की साठा वाढतो. पावसाळ्यात बूच काढायचं.

लोक विचारतात, माठ इतकं गार पाणी देतो, मग मातीची कुंडी का नको? माठ गार करतो तो अंगातून पाणी बाहेर टाकून. त्याच्या पोटावर जो पांढरा खार चढतो, तो त्या पाण्यातला क्षार असतो. बिनझिलईच्या कुंडीतही हेच होतं: साठा भराभर आटतो, क्षार भिंतीत मुरतात आणि भिंतीला चिकटलेल्या मुळांची टोकं करपतात. आपल्या जड पाण्याला हे भांडं मानवत नाही. झिलईची चिनी मातीची कुंडी चालते. तिला भोक पाडायला मात्र हिऱ्याचं ड्रिल आणि धीर लागतो. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरलं तर कुठल्याही भांड्याचं आयुष्य वाढतं.

गेल्या दिवाळीत नांदेडहून वहिनी आल्या होत्या. गॅलरीतले डबे बघून म्हणाल्या, "भाऊजी, माझं पितळी घंगाळ पडून आहे, ते आणू का? किती शोभेल!" मी म्हटलं, "वहिनी, पितळेत तांबं असतं आणि ऑर्किडच्या मुळांना ते विषासारखं. बाहेरून शोभेला ठेवू, पण पाणी त्याला लागता कामा नये."

बाहेरच्या भांड्याचा प्रश्न तसा सगळ्यांनाच पडतो. पारदर्शक डब्यात मुळं आणि पाण्याची पातळी दिसते, हा मोठा फायदा. पण उजेडानं आत शेवाळ धरतं. म्हणून डबा पांढऱ्या, अपारदर्शक भांड्यात बसवावा. काळं नको, ते ऊन पितं आणि मुळं भाजतात. त्या बाहेरच्या भांड्यात पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक डबा मोरीत नेऊन वरून भरपूर पाणी ओतावं आणि तिरपा करून पूर्ण रिकामा करावा. क्षारही धुतले जातात, डासांचाही प्रश्न उरत नाही.

सगळीच ऑर्किड्स डब्यात राजी नसतात. आपल्याकडे आंब्याच्या खोडांवर वाढणारा वांडा किंवा सीतेची वेणी यांची मुळं उघड्या हवेतच हवीत. त्यांना लाकडाला बांधावं. फॅलेनॉप्सिस, ऑन्सिडियम आणि पॅफिओपेडिलम डब्यात रमतात. रोप हलवण्याची वेळ ओळखायची ती नव्या मुळांच्या हिरव्या टोकांवरून. सालीत वाढलेली जुनी मुळं या ओलाव्यात फार टिकत नाहीत, नवी मात्र त्यासाठीच घडत जातात. पहिला पाऊस झाल्यावर हे काम केलं तर रोपाला त्रास कमी.

फुलं गळाली की फॅलेनॉप्सिस कचऱ्यात टाकणारी घरं मी खूप पाहतो आणि दर वेळी जीव तुटतो. हे रोप वर्षानुवर्षं जगतं आणि पुन्हा पुन्हा फुलतं. ते टाकण्याआधी घरातला एक ५ आकड्याचा डबा शोधा, त्याच्या बाजूला भोक पाडा आणि रोपाला पुढच्या बहरापर्यंत वेळ द्या.