घोडीवरून पडल्याचं बिल कोण भरतं?



चैत्रातल्या यात्रा जवळ आल्यात. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात यात्रा म्हटलं की बैलगाडा आला, आणि बारीपुढं घोडी आली. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्या घाटात गाड्यावर हाकणारा माणूस नसतो. पुढं घोडीवर एक पोरगं असतं आणि तिच्यामागं बैल सुटतात. बारा-पंधरा सेकंदांचा खेळ.

२०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ ला राज्याचा कायदा मान्य केला. एवढी वर्षं वाद झाला तो बैलांच्या हालाचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण घोडीवरच्या पोराच्या हाडांची गोष्ट पारावर कोणी काढलेली मी ऐकली नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवरचा पोरगा मागच्या यात्रेत पडला. घाट संपल्यावर पुढं माणसांची गर्दी, घोडी बुजली, आडवी फिरली. मांडीचं हाड मोडलं, गळपट्टीचं हाड सरकलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. लोक म्हणाले, चला, फुकटात सुटला.

फुकटात कसलं? कांदा काढणीला आलेला. घरात दोन गाया, धारा काढणारा तोच. तीन महिने पाय टेकायचा नाही. बाप दवाखान्यात, आई गोठ्यात, बायको कांद्यात. मजूर त्या दिवसांत पैसे देऊनही मिळत नाही. मग वस्तीवरच्या चार घरांनी सावड दिली. चार दिवस त्याचा कांदा काढला. पाचव्या दिवशी वळीव आला आणि सावड देणाऱ्या एकाचा काढून पडलेला कांदा वावरातच भिजला. हे नुकसान कुठल्या दवाखान्याच्या बिलात लिहायचं? पडला एक, खर्च विभागला गेला पाच घरांत.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, खातेदाराला आणि घरातल्या आणखी एकाला, वय १० ते ७५. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. योजना चांगली आहे. पण हाड मोडून जुळलं तर तिच्यात काही बसत नाही. आणि पडणारे बहुतेक याच गटातले. मरत नाहीत, अपंग होत नाहीत, एक हंगाम जातो.

डोक्याचा मार मात्र हंगामावर भागत नाही. गडी उठून बसतो, बोलतो, आणि दोन तासांनी उलट्या करायला लागतो. म्हणून यात्रा कमिट्यांना माझं सांगणं :

१) हेल्मेट नसेल तर बारी सोडू नका. बक्षिसाला मोटारसायकल ठेवतो, मग दोन-चार हेल्मेट जड नाहीत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.
२) अठराच्या आतलं पोरगं घोडीवर नको. वजन कमी म्हणून बसवतात, ते बंद करा.
३) घाटाच्या वर घोडी थांबायला मोकळी जागा ठेवा, तिथं माणूस उभा नको.
४) रिकिबीत पाय टाचेपर्यंत घालू नका. अडकला तर घोडी फरफटत नेते.
५) पडलेल्याला बखोटीला धरून उठवू नका. मान-पाठ हलवू नका, फळीवर घ्या, १०८ ला फोन करा.
६) खरचटलं तरी धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. घोड्याच्या लिदीत आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. घाटात मीही फेटा उडवतो. पण वर्गणीचा हिशेब वाचताना मंडप, बँड, बक्षीस यांच्या खाली हेल्मेट आणि रुग्णवाहिका अशी एक ओळ येऊ द्या. तुमच्या गावात ती आहे का, खाली लिहा. आमच्या कमिटीची बैठक रविवारी आहे, मी तिथं वाचून दाखवीन.