जुनी बोलेरो

व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हे अब्बांनी आयुष्यभर पाळलं. म्हणून गाडी साठवलेल्या २ लाखांतच बसवायची होती. आमच्या वाडीचा चढ पावसात रिक्षा चढत नाही आणि अम्मीचे गुडघे आता साथ देत नाहीत.

१३ वर्षांची बोलेरो पाहिली. रंग चकचकीत, मी तर भुललोच. मेकॅनिक मामू मात्र थेट गाडीखाली सरपटले. चॅसीला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार! कोकणची खारी हवा. वर आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच; एनओसीशिवाय गाडी नावावर होत नाही. दुसऱ्याचं व्याज आम्ही का गळ्यात घ्यावं? उठलो.

घरी अम्मीने एवढंच विचारलं, "पायरी उंच होती का रे?"

ते मी पाहिलंच नव्हतं.