‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन?

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पीक विम्याची मुदत संपत आलेली. अंकुशनगर परिसरातल्या एका सेवा केंद्रात बातमीसाठी गेलो, तर दारावरच चिठ्ठी – सर्व्हर डाऊन. बाहेर तीसेक माणसं. एक म्हातारे मामा म्हणाले, “तिसरी खेप हाय भाऊ. रोजंदारी बुडवून येतो.”

केंद्रचालक बिचारा दोन दिवस हेच सांगत होता. रांगेत गावातलाच एक पोरगा होता, पुण्यात नेटवर्किंगचं काम करणारा, सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, “दादा, मी बघू का जरा?”

त्याने आधी राउटरला पिंग केलं. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का ते बघणं. पलीकडच्या कपाटातला राउटरच ओ देईना. मग मुंबई-दिल्लीच्या सर्व्हरला शिव्या कशाला? त्याने लॅपटॉप थेट राउटरला जोडला, नेट सुरू! म्हणजे दोष मधल्या स्विचमध्ये. स्विचचे सगळे हिरवे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. एकेक वायर काढत गेला. एक काढली आणि दिवे शांत झाले. त्या वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये होती. साफसफाईत कोणीतरी लोंबणारं टोक रिकाम्या जागेत खोचलेलं. निरोप आत गोल-गोल फिरत राहिले आणि त्या गर्दीत खऱ्या कामाला वाटच उरली नाही.

वीस मिनिटं लागली. खर्च शून्य.

हा दोष जगाला नवा नाही. असं चक्र आपोआप तोडायची पद्धत रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ सालीच शोधली. पण साध्या स्वस्त स्विचमध्ये ती सोय बहुधा नसते.

आपल्याकडे कारखान्याचा गाळप थांबला तर फिटर ‘कारखाना डाऊन’ म्हणून घरी जात नाही. बॉयलर, मिल, पंप, एकेक तपासतो. मग सरकारी कामाच्या नेटला हा नियम का नाही? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तार आली, पण बिघाड शोधायला शिकवलेला माणूस किती ठिकाणी आहे?

कधी सर्व्हर खरंच बंद असतो, कधी जेसीबीने केबल तुटते. मान्य. पण मग चिठ्ठीवर तसं लिहा : काय तपासलं, बिघाड कुठे सापडला, कोणाला कळवलं, किती वाजता. चार ओळी पुरे.

मामांचा अर्ज त्या दिवशी संध्याकाळी भरला गेला. आदल्या दोन दिवसांची मजुरी मात्र बुडाली ती बुडालीच.

पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की नम्रपणे एवढंच विचारा : “राउटर ओ देतो का?”